यंत्र यायचंय, भाव ठरलाय

प्लेस्टेशन ६ अजून आलेला नाही. तो उभा असेल की आडवा, काळा असेल की पांढरा, कोणाला माहीत नाही. मी हे लिहितो आहे तोवर सोनीने ना तारीख सांगितली आहे, ना किंमत. पण जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या आमच्या घरात त्याचा भाव फुटलेला आहे. सकाळच्या चहाला तो सत्तर हजार होता. दुपारी पुण्याच्या मावसभावाचा फोन आला आणि पंच्याऐंशी झाला. रात्री जेवताना मेव्हण्याने तो परत पासष्टवर आणला, कारण भरली वांगी चांगली झाली होती आणि त्याला कोणाचं मन मोडवत नव्हतं.

हे काम एक समिती बघते. अध्यक्ष आमचे चिरंजीव, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. परीक्षेत किती मार्क पडतील हे त्याला निकाल हातात आल्यावरही नीट सांगता येत नाही, पण जपानमधल्या कंपनीच्या मनात काय चाललंय ते तो पोहे खाता खाता सांगतो. दुसरे सभासद त्याचे मामा, म्हणजे माझे मेव्हणे. हायकोर्टात वकील. यंत्र बाजारात कधी येणार हा विषय त्यांच्याकडे. त्यावर त्यांचं मत कायम एकच असतं: "तारीख मिळेल रे. सुनावणी होईलच असं नाही." तिसरे आप्पा, माझे चुलते. ते विद्युत मंडळातून, रामपूरच्या शक्तिभवनातून निवृत्त झाले, पण मंडळ काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. चौथे शेजारचे बाबूजी, गन कॅरेज फॅक्टरीचे. ती फॅक्टरी १९०४ ची. बाबूजींचं बोलणं ऐकलं की उद्घाटनाचा नारळ त्यांनीच फोडला असावा असं वाटतं. आणि मी. माझं पद खजिनदाराचं, म्हणजे बोलतात सगळे आणि आकड्यापाशी आले की बघतात माझ्याकडे.

समितीबाहेरची एकमेव सत्ता म्हणजे आमची गृहलक्ष्मी. मदन महालजवळचा बॅलन्सिंग रॉक १९९७ च्या भूकंपातही जागचा हलला नाही, हे जबलपूरचं शेंबडं पोरही पाहुण्यांना अभिमानाने सांगतं. हिचा नकार त्याच दगडातून काढलेला आहे. "टीव्हीवर खेळायला एवढे पैसे? घरात कॅरम आहे. सोंगट्यासुद्धा पूर्ण आहेत," एवढं बोलून ती आत जाते आणि समितीचं कामकाज पुढे चालू राहतं.

चिरंजीवांनी किमतीचा एक नियम शोधून काढला आहे. घरात तो 'नव्वदचा नियम' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतला डॉलरचा आकडा घ्यायचा आणि त्याच्यापुढे नव्वद लिहायचे, की झाला रुपयातला भाव. प्लेस्टेशन ४ तिकडे २०१३ साली ३९९ डॉलरला निघाला, इकडे २०१४ च्या जानेवारीत ३९,९९० रुपयांना आला. प्लेस्टेशन ५ तिकडे ४९९, इकडे ४९,९९०. त्याचंच बिनतबकडीचं भावंड तिकडे ३९९, इकडे ३९,९९०. एक्सबॉक्स सीरिज एक्स ४९९, इकडे ४९,९९०. विनिमय दर, सीमाशुल्क, १८ टक्के जीएसटी, जहाजाचं भाडं, रिझर्व्ह बँक, सगळं खड्ड्यात. नुसते पुढे नव्वद लिहा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पोरगं हुशार आहे असं वाटलं, जे एरवी वाटण्याची संधी तो देत नाही.

पण समोर वकील होते.

"सीरिज एस किती डॉलरला होता?"

"दोनशे नव्व्याण्णव."

"मग इथे एकोणतीस हजार नऊशे नव्वद व्हायला हवा होता. आला चौतीस हजार नऊशे नव्वदला."

"तो अपवाद आहे, मामा."

"बरं. प्लेस्टेशन ३? तिकडे पाचशे नव्व्याण्णव. इथे २००७ साली एकोणचाळीस हजार नऊशे नव्वद."

"तेव्हा मी पाळण्यात होतो. तो काळ माझ्या नियमाच्या आधीचा आहे."

नियम असा हवा. अडचणीची प्रकरणं एक तर अपवाद ठरवावीत, नाही तर इतिहासजमा करावीत. गंमत म्हणजे त्या वेळी रुपया इतका दणकट होता, की हे ३९,९९० म्हणजे तिकडचे नऊशे डॉलरच्या वर जात होते. आणि पुढे सात वर्षांनी नवं यंत्र आलं तेही बरोबर ३९,९९० लाच. त्या सात वर्षांत दुधापासून पेट्रोलपर्यंत सगळ्याचे भाव बदलले, हा आकडा मात्र तसाच. आप्पांच्या मते सोनीच्या इथल्या कचेरीत तो आकडा कोणी तरी भिंतीवर रंगवून ठेवला असणार.

या धंद्यात भाव सांगणं हाही एक तमाशाच असतो. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने आपल्या सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. थोड्या वेळाने सोनीतर्फे स्टीव्ह रेस नावाचे गृहस्थ मंचावर आले, "दोनशे नव्व्याण्णव" एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चिरंजीव ही गोष्ट आमच्याकडे पोवाड्याच्या चालीवर सांगतो. मेव्हण्यांना मात्र ती पटत नाही. "एवढं कमी बोलून फी कशी लावायची माणसाने?" असा त्यांचा व्यावसायिक आक्षेप आहे. आप्पांना सोनीच्या केन कुतारागी यांची गोष्ट आवडते. प्लेस्टेशन ३ महाग असणार अशी कुरकुर २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते म्हणाले की लोकांनी थोडे जास्त तास काम करून तो घ्यावा, असं आम्हाला वाटतं. आप्पांचा चेहरा खुलला. "हा माणूस बरोबर बोलला. ओव्हरटाइम करा!" आणि पुन्हा सगळे माझ्याकडे बघू लागले.

किमतीचं असं, तर ताकदीचं त्याहून भयंकर. ताकद टेराफ्लॉपमध्ये मोजतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. प्लेस्टेशन ४ ची ताकद १.८४, प्लेस्टेशन ५ ची १०.२८, एक्सबॉक्स सीरिज एक्सची १२. म्हणजे दिवाणखान्यातलं एक खोकं सेकंदाला दहा लाख अठ्ठावीस हजार कोटी गणितं सोडवणार, आणि त्याच दिवाणखान्यात आमचा मुलगा एका इंटिग्रेशनशी रविवारपासून झुंजणार. मी हे एकदा बोलून दाखवलं. त्यावर, "बाबा, ती गणितं वेगळी असतात," असं उत्तर मिळालं. असतील.

प्लेस्टेशन ५ च्या वेळी तो सातवीत होता आणि त्याने घरात तेरा टेराफ्लॉप जाहीर केले होते. कुठून आणले ते विचारायचं नाही. तेव्हा सगळं जगच आपापले आकडे फेकत होतं. १८ मार्च २०२० ला मार्क सर्नी नावाचे सोनीचे शांत, प्राध्यापकी थाटाचे गृहस्थ पडद्यावर आले आणि १०.२८ म्हणाले. पोरगं जेवलं नाही. चारच दिवसांनी जनता कर्फ्यू लागला, गल्लीतल्या लोकांनी थाळ्या वाजवल्या. हा मात्र गच्चीच्या कोपऱ्यात तोंड पाडून उभा. शेजारच्यांना वाटलं, देशाची काळजी करतोय.

आप्पांना या लाख-कोटींत रस नाही. त्यांचा प्रश्न एकच: "लोड किती घेतो?" खेळताना साधारण दोनशे वॅट, असं सांगितलं की ते बोटांवर हिशेब करतात. "म्हणजे तीन पंखे. पाच तास खेळला की एक युनिट. ठीक आहे." मग सहाव्या अवताराचं भाकीत: "पण त्याला वायर जाड लागेल. माझं ऐका, या खोलीचं वायरिंग आत्ताच बदलून घ्या." यंत्राचा पत्ता नाही आणि आमच्याकडे इलेक्ट्रिशियन येऊन भिंत फोडायच्या खुणा करून गेलासुद्धा.

बाबूजी ताकद तिसऱ्याच मापाने मोजतात. त्यांना कोणी तरी सांगितलं, आणि ते खरं आहे, की प्लेस्टेशन २ निघाला तेव्हा २००० साली जपान सरकारने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. त्यातली चित्रं रंगवणारी चिप इतकी वेगवान होती, की ती क्षेपणास्त्राला वाट दाखवायला वापरता येईल अशी सरकारला भीती होती. पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने तर १,७६० प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून महासंगणकच उभा केला. तेव्हापासून बाबूजी आमच्या मुलाकडे आदराने बघतात. "बड्डे, ये खिलौना नहीं है. इसका तो टेंडर निकलना चाहिए. तीन कोटेशन लो, जो एल-वन हो उसको ऑर्डर दो." यंत्र एकच कंपनी बनवते हे त्यांना सांगून पाहिलं. "तो सिंगल टेंडर का नोट बनाओ," म्हणाले.

या सगळ्याला मी हसतो खरा, पण हसायचा हक्क मला कितपत आहे? आमच्या लहानपणी गुरंदी बाजारातून वडिलांनी 'टीव्ही गेम' आणला होता. बरोबर पिवळी कॅसेट, आणि तिच्यावर छापलेलं: ९,९९,९९९ खेळ एकात. आमचा टेराफ्लॉप तोच. अख्ख्या गल्लीत मी छाती काढून फिरलो, कारण समोरच्या बंगल्यातल्या मुलाकडे नुसते ९,९९९ होते. प्रत्यक्षात खेळ सातच निघाले. आठवा म्हणजे पहिलाच मारिओ, फक्त पुढच्या पायरीपासून. नववा म्हणजे पुन्हा रणगाडे, नुसता रंग वेगळा. पण आकड्यावरची माझी श्रद्धा ढळली नाही. रोज शंभर-शंभर खेळ खाली सरकत मी नवा खेळ शोधत असे. वडिलांनी मात्र डबा वाचून ताबडतोब भागाकार केला होता: "रोज एक खेळलास तरी सत्तावीसशे-अठ्ठावीसशे वर्षं लागतील. दहावीला कधी बसणार?"

तर प्लेस्टेशन ५. तो जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला. भारताला पुढची तारीख मिळाली (मेव्हणे समाधानाने हसले): २ फेब्रुवारी २०२१. बुकिंग १२ जानेवारीला, दुपारी बाराला. साठा मूठभर, पण मागणारा देश १३० कोटींचा, त्यामुळे युद्धाची तयारी करावी तशी तयारी झाली. चिरंजीव लॅपटॉपवर. मी मोबाइलवर. मेव्हण्यांची ऑनलाइन सुनावणी होती. ते काळा कोट आणि पांढरा बँड लावून कॅमेऱ्यासमोर 'माय लॉर्ड' म्हणत होते आणि टेबलाखाली दुसऱ्या फोनवर अंगठा तयार ठेवून बसले होते. बाराला दहा कमी असताना आप्पांनी मेन स्विच बंद केला. "एवढी महागडी वस्तू मागवताय, अर्थिंग तपासायला नको?" राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत आमचं वय वाढलं.

बाराच्या ठोक्याला तरीही चमत्कार झाला. चिरंजीवांच्या टोपलीत यंत्र पडलं! पत्ता भरला, कार्ड भरलं, आता फक्त ओटीपी. कार्डाशी जोडलेला नंबर गृहलक्ष्मीचा. फोन स्वयंपाकघरात.

दोन दिवसांवर संक्रांत. ओट्यावर कढईत गुळाचा पाक रटरटत होता, बाजूला परातीत भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, वेलदोड्याची पूड, तूप लावून पालथी ठेवलेली वाटी. तिने नुकताच पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघितली होती.

"आई, ओटीपी! लवकर!"

"पाक गोळीबंद झालाय. आत्ता हात काढला तर दगड होईल."

"आई, तीन मिनिटं आहेत!"

"माझ्याकडे एकच आहे."

मी फोन उचलला. तो तिच्या बोटाच्या ठशाने उघडतो. बोटाला पाक. ओल्या फडक्याने पुसलं, फोन म्हणाला, ओळख पटत नाही. पदराला पुसलं, तरी पटेना. दुसऱ्या हातात झारा. आकडे दाबून उघडायचा प्रयत्न केला, तर ते तिने मागच्याच आठवड्यात बदललेले, कारण मी बघतो. शेवटी तिने परातीत पाक ओतला, तीळ कालवले, वड्या थापून घेतल्या आणि सावकाश हात धुऊन फोन हातात घेतला. तोवर पडद्यावर 'साठा संपला' आलं होतं. अख्ख्या देशातला साठा काही मिनिटांत उडाला होता, त्यामुळे आमच्याच पाकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. वड्या मात्र बेतशीर झाल्या होत्या. समितीने त्या तिथेच संपवल्या.

तेव्हा मेव्हण्यांनी तो सिद्धान्त मांडला, ज्याच्यावर आमचं घर आजही उभं आहे. "बरं झालं मिळालं नाही. ही यंत्रं पुढे स्वस्त होतात. आजवर झालीच आहेत. थांबा." थांबा! हा शब्द ऐकताच घरातले सगळे एकदम सुखी झाले. मला पैसे काढायचे नव्हते. हिला ते खर्चू द्यायचे नव्हते. आप्पांना वायरिंगला सवड मिळाली. चिरंजीवांना नवं भाकीत करायला मैदान मोकळं झालं. सोन्याच्या बाबतीत, फ्लॅटच्या बाबतीत, धाकट्या बहिणीच्या स्थळांच्या बाबतीत आम्ही हेच करत आलो आहोत. भाव काय होईल याची चर्चा चालू असली, की आपण घ्यायच्या बेतात आहोत असं वाटत राहतं आणि खिशालाही हात लावावा लागत नाही.

आम्ही थांबलो. नोव्हेंबर २०२२ मध्ये यंत्र पाच हजारांनी महाग झालं, ५४,९९०. "ही अंतरिम स्थगिती आहे," मेव्हणे म्हणाले, "अंतिम निकाल यायचाय." ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेत ते पन्नास डॉलरने वाढलं. पाच वर्षांचं जुनं यंत्र नव्यापेक्षा महाग! आप्पांनी चष्मा काढून विचारलं, "ती काय जमीन आहे?" पुण्याच्या मावसभावाचा फोन आला: मी तेव्हाच सांगितलं होतं. त्याने तेव्हा काय सांगितलं होतं ते मला आठवतंय. त्याने तीस हजार सांगितले होते.

मधे प्लेस्टेशन ५ प्रो आला. नोव्हेंबर २०२४, सातशे डॉलरला एक सेंट कमी, आणि त्यातही तबकडीचा कप्पा वेगळा विकत घ्यायचा. समितीने कालनिर्णयच्या समासात आपापले आकडे लिहिले: चिरंजीव नियमाप्रमाणे ६९,९९०, मेव्हणे पंच्याहत्तर, बाबूजी 'अधिक मालवाहतूक', मावसभाऊ नव्वद. पैज खोव्याच्या जिलबीची, बडकुलकडची, पावशेर. आणि मग कळलं की तो भारतात येणारच नाही. त्यातली वायरलेस यंत्रणा सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते आणि तो पट्टा आपल्याकडे तेव्हा मोकळा नव्हता. समितीच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस. सगळ्यांचे आकडे एकदम बाद, म्हणजे कोणीच हरलं नाही. जिलबी वर्गणी काढून आणली.

आता सहावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेच सर्नी एएमडीच्या जॅक ह्यून यांच्याबरोबर पडद्यावर आले आणि काही वर्षांनी येणाऱ्या यंत्रासाठी आपण काय काय खटपटी करतो आहोत ते सांगून गेले. नाव नाही, किंमत नाही, आकडा नाही. चिरंजीवांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. सर्नींच्या भुवया एका ठिकाणी किंचित वर गेल्या, त्यावरून त्याने चाळीस टेराफ्लॉप काढले. मामांनी तोच व्हिडिओ पाहून मे महिना काढला. कोणत्या सालचा, ते सांगितलं नाही.

परवा मी जयंती कॉम्प्लेक्सला गेलो होतो, चिरंजीवांच्या लॅपटॉपला मेमरी वाढवून घ्यायला. दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा मी काउंटर धरला. "बड्डे, ये एआय वाले सारी मेमरी उठा ले गए. सुबह का रेट शाम को नहीं चलता." ओघात मी सहज, अगदी सहज, सहाव्याचा विषय काढला. कधी येईल, कितीला येईल. त्याने इकडेतिकडे पाहून गल्ल्याखालून एक लांबोडं रजिस्टर काढलं. अॅडव्हान्स नको, नुसतं नाव, नंबर आणि किती रुपयांपर्यंत तयारी आहे तो आकडा. आल्यावर फोन करणार.

पहिल्याच ओळीत मेव्हण्यांचं नाव, 'अधिवक्ता, उच्च न्यायालय' या हुद्द्यासकट. ऐंशी हजार! त्याखाली आप्पा, सत्तर, आणि कंसात 'कृपया लोड आधी कळवावा'. तिसरे बाबूजी. आकड्याच्या जागी 'नियमानुसार'.

मी खिशातून पेन काढलं.

"आपको क्यों लिखना है? आपके घर का तो हो गया. मैडम लिखवा गईं."

मी पान उलटलं. हिचं अक्षर, ठसठशीत: पंचवीस हजार. दोन रिमोट. डब्यासकट.

"मैंने बोला, मैडम, इतने में तो सोनी से पूछना पड़ेगा."

"मग?"

"बोलीं, पूछ लीजिए. हमें कोई जल्दी नहीं है."